माझी आई चित्रासाठी बसली तेव्हा

बाबा गेल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात आई आमच्याकडे आली. दोन हजारनंतरची ती सुरुवातीची वर्षं. आम्ही कॅनडात, हॅलिफॅक्सच्या खाडीपलीकडे, डार्टमथला एका जुन्या अपार्टमेंटमध्ये राहत होतो. माझं ऑफिस हॅलिफॅक्सच्या बाजूला, घर अलीकडे, आणि मधे ये-जा करणारी फेरीबोट. आई कऱ्हाडच्या प्राथमिक शाळेत जन्मभर शिकवून निवृत्त झालेली. गावात अजूनही लोक तिला रस्त्यात थांबवून "बाई, ओळखलंत का?" असं विचारायचे. इथे तिला ओळखणारं कुणी नव्हतं. आम्ही दोघं नवराबायको कामावर गेलो की ती खिडकीशी बसून पार्किंगमध्ये लोक गाड्यांवरचा बर्फ खरवडतात ते बघत बसायची. संध्याकाळी मी विचारायचो, "आज काय केलंस?" ती म्हणायची, "बसले."

म्हणून शनिवारी सकाळी मी तिला फेरीने पलीकडच्या भाजीबाजारात न्यायला लागलो. भाजी निमित्तापुरती. तिला फेरी आवडायची. आत गरम असायचं, मोठ्या काचेतून नौदलाच्या राखाडी बोटी दिसायच्या, आणि माणसं बघायला मिळायची.

तिसऱ्या की चौथ्या शनिवारी ती मला म्हणाली, "अरे, ती समोरची बाई माझ्याकडे बघून काहीतरी लिहितेय."

समोरच्या बाकावर एक उंच, हाडापेराने मजबूत म्हातारी बसली होती. पांढरे केस घरच्या कात्रीने स्वतःच कापल्यासारखे, अंगात मच्छीमार घालतात तसला जाड लोकरी स्वेटर, कोपराला ठिगळ. मांडीवर वही आणि हातात पेन्सिलीचा बोटभर उरलेला तुकडा. लिहीत नव्हती, चित्र काढत होती. मी आईला तसं सांगितलं. आई उठली, तोल सांभाळत तिच्याजवळ गेली आणि मुलाची पाटी तपासायला मागावी तसा हात पुढे केला. बाईने मुकाट्याने वही तिच्या हातात दिली.

आईने चित्र डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं आणि म्हणाली, "कान चुकलाय."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणाल्या त्या?"

मी म्हणालो, "छान आहे, म्हणतेय."

"छान म्हणताना कोणी असा चेहरा करत नाही," बाई म्हणाल्या. त्यांच्या इंग्रजीला वेगळाच हेल होता, शब्द आधी तोंडात घोळवून मग सोडल्यासारखा.

मग मी खरं ते सांगितलं. त्यांनी वही परत घेतली, आईच्या कानाकडे नीट पाहिलं, अंगठ्याने कागदावरचा कान पुसून टाकला आणि परत काढला. आईने पुन्हा पाहिलं आणि मान हलवली. फेरी धक्क्याला लागली तेव्हा बाईंनी आपलं नाव-पत्ता लिहून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "यांना विचारा, माझ्याकडे बसायला येतील का. तैलरंगात करायचंय. वेळ लागेल, हे आधीच सांगते."

मी विचारलं. आई म्हणाली, "इथे घरी तरी काय करते? पण ही कोण आहे, ते नीट चौकशी करून घे."

सोमवारी मी ऑफिसात चौकशी केली, म्हणजे कॉम्प्युटरवर त्यांचं नाव टाकून पाहिलं आणि जेवणाची सुट्टी संपली तरी वाचतच राहिलो. ज्यांच्या समोर आम्ही भाजीच्या पिशव्या घेऊन बसलो होतो त्या आयर्लंडच्या तेव्हा हयात असलेल्या सर्वांत नावाजलेल्या चित्रकारांपैकी एक होत्या. लंडन-डब्लिनच्या मोठ्या संग्रहालयांत त्यांची चित्रं होती. त्यांच्या देशात शाळेच्या पुस्तकांत त्यांच्यावर धडा होता. विद्यापीठाच्या लायब्ररीतून मी त्यांच्यावरचा एक जाडजूड ग्रंथ आणला. त्यातली चित्रं बहुतेक बायकांची होती. पुरुषभर उंचीच्या कॅनव्हासवर एकेकटी बाई: हॉस्पिटलात फरशी पुसणारी, बसची कंडक्टर, लॉन्ड्रीत इस्त्री करणारी. कोणीही हसत नव्हतं. तरीही एकीचीही कीव येत नव्हती. मला चित्रकलेतलं काही कळत नाही, पण त्या पानांपुढे मी आवाज न करता बसलो एवढं आठवतं.

आईने ग्रंथ चाळून पाहिला आणि म्हणाली, "कष्टाळू दिसतेय." तिच्या तोंडून याहून मोठं कौतुक मी फारसं ऐकलेलं नव्हतं.

त्यांचा स्टुडिओ आमच्या घरापासून चालत जाण्याइतका जवळ होता. पूर्वी तिथे बोटींची शिडं शिवत; आता खाली त्या राहत, वर काम करत. लाकडी जिना चढून गेलं की एक लांबलचक खोली, पाण्याकडे उघडणाऱ्या उंच खिडक्या, टर्पेंटाइनचा वास आणि प्रचंड थंडी. एक लहानसा हीटर होता, तो त्यांनी आईच्या खुर्चीजवळ ठेवला. गरम पाण्याची पिशवीही आणून दिली. स्वतः बोटं कापलेले हातमोजे घालून उभ्या राहिल्या. त्या बसून कधीच रंगवत नसत.

पहिल्या दिवशी आई इरकल नेसून गेली. तिची ठेवणीतली, जांभळी, रुंद काठाची. घरून निघताना तिने कोट-बूट घातले होते ते जिन्यात उतरवून ठेवले आणि पिशवीतून आणलेल्या चपला घातल्या. बाईंनी तिला आपादमस्तक पाहिलं.

"सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "पण फेरीवर तुम्ही दुसरं काहीतरी घातलं होतं. साडीवर जाकीट, आणि ते मोठे बूट."

मी सांगितलं. आई म्हणाली, "ते बाहेर जायचे कपडे. बूट तर सुनेचे आहेत. चित्रात कोणी असल्या अवतारात बसतं का? तिला म्हणावं, मी अशीच बसणार."

बाई यावर वाद न घालता कामाला लागल्या.

हिवाळाभर आमचे शनिवार-रविवार असे जाऊ लागले. मी दुभाषा म्हणून कोपऱ्यात एका स्टुलावर बसायचो. आई थर्मासमधून आल्याचा चहा न्यायची, डब्यात चिवडा. बाईंना चिवडा फार आवडला. त्या तो रंगाने माखलेल्या बोटांनी खायला जायच्या आणि आई त्यांना आधी हात धुवायला पाठवायची. जगभर नाव असलेली ती म्हातारी निमूटपणे मोरीवर जायची. आईला इंग्रजी दहा-वीस शब्दांपुरतं येत होतं. बाईंनी माझ्याकडून विचारून घेतलं, गावात यांना काय म्हणतात? मी म्हटलं, "बाई." त्या दिवसापासून त्या आईला बाई म्हणायला लागल्या. आईही त्यांना बाईच म्हणायची. पुष्कळदा माझ्याशिवाय दोघींचं चालायचं.

काम करताना बाई फार बोलत नसत. मधे थांबलो की बोलत. अशा तुकड्या-तुकड्यांतून त्यांचं आयुष्य मला कळत गेलं. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं लहान गाव, मासेमारीचं. वडिलांची होडी. घरात रंग म्हणजे होडीला लावायचा रंग: काळा, गेरूसारखा तांबडा आणि एक हिरवा. डब्यांच्या तळाशी उरलेला रंग घेऊन ही मुलगी परसातल्या भिंतीवर आणि माशांच्या खोक्यांच्या फळ्यांवर चित्रं काढायची. "म्हणून माझ्या चित्रांत अजून तेच तीन रंग जास्त," त्या म्हणाल्या. "समीक्षक त्यावर पानंच्या पानं लिहितात. वडिलांकडे दुसरे डबे नव्हते, एवढंच." कॉन्व्हेंट शाळेतल्या एका ननला तिचा हात दिसला. तिने मागे लागून डब्लिनच्या कला महाविद्यालयात शिष्यवृत्ती मिळवून दिली. गावातून डब्लिनला शिकायला गेलेली ती पहिलीच मुलगी.

पुढे लंडन. तिथे पडेल ती कामं केली: ऑफिसं झाडणं, बसमध्ये तिकिटं फाडणं. "मी कष्टकरी बायकांची चित्रं काढते असं म्हणतात," बाई म्हणाल्या, "जणू काही मी बाहेरून बघून काढली. त्या माझ्या शेजारी उभ्या होत्या." बरीच वर्षं कोणी विचारलं नाही. मग एका प्रदर्शनात त्या बस कंडक्टरचं चित्र लागलं आणि लोक त्याच्यासमोर थांबायला लागले. तिथून नाव झालं. त्यानंतर समुद्राचा अभ्यास करणारा एक कॅनेडियन शास्त्रज्ञ भेटला, त्याच्याशी लग्न करून त्या इकडे आल्या. मोठ्या शहरातून बाजूला गेल्यावर आता संपली ही, असं लंडनच्या लोकांना वाटलं. त्यांची सर्वांत मोठी चित्रं त्यानंतर, इथे, या थंड खोलीत झाली. नवरा जाऊन काही वर्षं झाली होती. परत का गेला नाहीत, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी ब्रशने खिडकीबाहेर दाखवलं. "समुद्र तोच आहे. मी दुसऱ्या बाजूने बघते, इतकंच."

जानेवारी संपत आला होता. इरकलीचं चित्र मला तर पुरं झाल्यासारखं वाटत होतं. साडीचा काठ असा उतरला होता की हात लावून बघावासा वाटे. आणि एका शनिवारी आम्ही जिना चढून गेलो तर कॅनव्हासवर काहीच नव्हतं. पूर्ण खरवडून काढलेला. मळकट जांभळट डाग तेवढे उरले होते, आणि जमिनीवर वर्तमानपत्रात रंगाचे लपके.

आई त्या कॅनव्हासजवळ गेली. "काय झालं?" तिने विचारलं.

"साडी छान आली होती," बाई म्हणाल्या. "तुम्ही त्यात नव्हता."

मी हे मराठीत सांगितलं. आई चिडली. तिचं चिडणं म्हणजे आवाज खाली जातो. "इतके आठवडे थंडीत बसले मी. आधी सांगायचं होतं."

"मलाही कालच कळलं," बाई म्हणाल्या. "काल पहाटेपासून पाहत होते. काम चांगलं होतं, पण कोणत्याही साडीचं झालं असतं. हे असं ठेवलं असतं तर मी तुम्हाला फसवलं असतं."

बाईंनी चहा केला, काळाकुट्ट, त्यांच्या पद्धतीचा. मग त्यांनी शेल्फवरून मी लायब्ररीतून आणला होता त्याच ग्रंथाची आपली प्रत काढली आणि सुरुवातीचं एक पान उघडून आईसमोर ठेवलं.

ते प्रदर्शनात लागलेलं त्यांचं पहिलं चित्र. एक मध्यमवयीन बाई धक्क्यावर खोक्यावर बसलीय, गुडघे फाकलेले, मांडीवर मेणकापडाचा ॲप्रन, त्यावर माशांचं रक्त आणि खवले. एका हातात सुरी, दुसऱ्यात पोट चिरलेला हेरिंग मासा. नजर सरळ बघणाऱ्यावर.

"माझी आई," बाई म्हणाल्या.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी त्यांनी ते काढलं, मनातूनच. डब्लिनच्या प्रदर्शनात लागलं, वर्तमानपत्रात त्याचा फोटो छापून आला आणि ते वर्तमानपत्र गावात पोचलं. गावाने म्हटलं, पोरीने आईची अब्रू घालवली. चर्चमध्ये आईच्या शेजारच्या बाकावर बसणाऱ्या बायका उठून दुसरीकडे बसल्या. वडिलांनी निरोप पाठवला की घरी येऊ नकोस. त्या गेल्या नाहीत. आई वारली तेव्हा फक्त अंत्यविधीला गेल्या, मागच्या बाकावर बसल्या आणि त्याच दिवशी परतल्या. "ते गाव तसलंच," त्या म्हणाल्या. "खरं कोणाला बघवत नाही."

आईने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "चित्र काढताना आईला विचारलं होतं का?"

मी जरा मवाळ करून सांगायला लागलो, तर बाईंनी हात वर केला. "जसं विचारलं तसं सांगा."

मी सांगितलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती. मग हे चित्र झालं नसतं."

"मग नसतं झालं," आई म्हणाली.

बाईंनी कप खाली ठेवला. "यावर आपलं जमणार नाही," त्या म्हणाल्या. "हे चित्र व्हायलाच हवं होतं."

आईने परत पानाकडे पाहिलं. ती वाकून बघत होती, चष्मा कपाळावर सरकवून. "राग येणारच तिला," ती हळूहळू म्हणाली. "पण ही बाई किती ताठ बसलीय. सगळ्या गावाने बघितलं तरी हिने नजर खाली घातली नसती. लेकीला हे दिसलं होतं, हे तिला सांग. तिने आईला नीट बघितलं होतं."

मी ते सांगितलं. बाई उठून खिडकीशी गेल्या आणि आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. आईने शांतपणे आपला चहा संपवला. तिला तो अजिबात आवडत नसे.

पुढच्या शनिवारी आई साधी सुती साडी नेसली. वरून माझा जुना स्वेटर, त्यावर जाकीट, जाड मोजे आणि सुनेचे बूट. मी तिच्याकडे बघतच राहिलो. ती म्हणाली, "हे मी ठरवलंय. तिने सांगितलं म्हणून नाही. तेवढं तिला स्पष्ट सांग."

दुसऱ्या चित्राच्या वेळी मी बाईंना खऱ्या अर्थाने काम करताना पाहिलं. सत्तरी ओलांडलेली ती म्हातारी कॅनव्हासपासून मागे मागे पार भिंतीपर्यंत जायची, डोळे बारीक करून बघायची, मग झपाझप पुढे येऊन एकच फटकारा मारायची आणि परत मागे. सकाळभर असं. दुपारी अर्ध्याहून जास्त पुसून टाकायची. कधी तोंडातल्या तोंडात स्वतःलाच शिव्या घालायची. इतकं मिळाल्यावर, इतकं नाव झाल्यावर माणसं हाताला सवयीचं झालेलं तेच परत परत करतात. त्यांनाही तसं करता आलं असतं. कोणी बोललं नसतं. पण प्रत्येक शनिवारी त्या अशा उभ्या राहत की जणू हे काम येतं की नाही हे अजून ठरायचंय. मी ऑफिसात प्रोग्रॅम लिहायचो, चालला की पुढे. त्यांच्यामुळे माझ्या कामाकडे मी वेगळ्या नजरेने पाहायला लागलो, हे मला नंतर उमगलं.

फेब्रुवारीतली एक सकाळ मी कधी विसरणार नाही. बाहेर बर्फ पडत होता, खिडक्यांतून पांढराशुभ्र उजेड आला होता. बाईंनी काम करता करता सहज विचारलं, "बाईंचे यजमान कसे होते?"

बाबा गेल्यापासून आई त्यांच्याबद्दल बोललीच नव्हती. तेराव्याला रडली नव्हती, विमानतळावर मला भेटल्यावरही नाही. मला वाटलं ती टाळेल. पण ती समोर बघत, हात मांडीवर तसेच ठेवून, बोलायला लागली. बाबांना सायकल दुरुस्त करायचा नाद कसा होता. रिटायर झाल्यावर ते रोज तिच्यासाठी सकाळचा चहा कसा करायचे, आणि त्यात साखर कशी नेहमी जास्त पडायची. शेवटच्या दिवसांत त्यांना तिचं नाव आठवत नव्हतं आणि तेही तिला बाई म्हणायचे, शाळेतल्या मुलांसारखं. "म्हणायचे, बाई, मी घरी जाऊ का?"

हे मला माहीत नव्हतं. मी इथे होतो. हे वाक्य मी इंग्रजीत करायला गेलो आणि अर्ध्यावरच अडलो. मी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडकलो.

"राहू दे," बाई म्हणाल्या. "मला कळलं." त्यांचा ब्रश थांबला नव्हता. आई बोलत राहिली, मी भाषांतर करणं सोडून दिलं, आणि त्या रंगवत राहिल्या. त्या दिवशी त्यांनी काहीच पुसलं नाही.

चित्र मार्चअखेर पूर्ण झालं. आईने ते उभं राहून पाहिलं. साडीच्या निऱ्या बुटांत खोचल्यासारख्या झालेल्या, जाकिटाची चेन अर्धी उघडी, हात मांडीवर एकावर एक. तोंड मिटलेलं, पण आत्ताच बोलून थांबल्यासारखं.

"मी अशी दिसते हे मला माहीत नव्हतं," ती म्हणाली.

"वाईट?" बाईंनी मराठीत विचारलं. हा शब्द त्यांना कुठून सापडला कोण जाणे.

"नाही," आई म्हणाली. "बरं आहे."

एप्रिलमध्ये आई परत गेली. मी मात्र स्टुडिओत जात राहिलो. बायकोही यायची कधी कधी, पुढे आम्हाला झालेली मुलगी तिथे जमिनीवर बसून कागद रंगवायची. बाईंना कॅनव्हास हलवायला, गाडीने कुठे जायला माणूस लागायचा, ते मी करायचो. काही वर्षांनी डब्लिनच्या मोठ्या संग्रहालयाने त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन ठरवलं. त्यांच्या देशाने इतक्या मोठ्या प्रमाणावर प्रथमच त्यांना बोलावलं होतं. चित्रांची निवड चालू असताना एका रविवारी त्यांनी मला सांगितलं, "कऱ्हाडला फोन लावा."

स्पीकरवर आई आली. बाई म्हणाल्या, "बाई, तुमचं चित्र डब्लिनला न्यायचंय. लोक बघतील. नेऊ का?"

मी मराठीत सांगितलं. पलीकडे थोडा वेळ फक्त आमच्या कऱ्हाडच्या घरासमोरच्या रिक्षांचे आवाज. मग आई म्हणाली, "न्या. पण खाली माझं नाव नको. निवृत्त शिक्षिका, कऱ्हाड, एवढं लिहा."

तसंच लिहिलं गेलं.

बाईंच्याने आता एकटीने प्रवास होत नव्हता. मी रजा टाकून त्यांच्याबरोबर गेलो. डब्लिनला विमानतळावरून निघालो तेव्हा टॅक्सीवाल्याने आरशातून त्यांच्याकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि म्हणाला, "आमच्या शाळेच्या व्हरांड्यात तुमची कंडक्टर लावलेली होती. मला ती आमच्या मावशीसारखी वाटायची." बाई म्हणाल्या, "मावशीला नमस्कार सांगा." त्या खूश झाल्या होत्या, पण खिडकीबाहेर बघत राहिल्या.

संग्रहालयाचं एकामागून एक दालन त्यांच्या चित्रांनी भरलं होतं. साठ वर्षांचं काम. मी ते सगळं पुस्तकात पाहिलं होतं, पण त्या बायका प्रत्यक्ष समोर उभ्या राहिल्यावर वेगळंच वाटलं. गर्दी असूनही लोक हळू बोलत होते. शेवटच्या दालनात एका भिंतीवर त्यांची आई होती आणि समोरच्या भिंतीवर माझी. तसं टांगायचं बाईंनीच सांगितलं होतं.

उद्घाटन झाल्यावर एक बुटकी, गोल चेहऱ्याची म्हातारी त्या दालनात आली, हातात पर्स घट्ट धरून. तिने मासेवालीच्या चित्रासमोर उभं राहून छातीवर क्रॉसची खूण केली. बाईंनी तिला लगेच ओळखलं. ती त्यांची धाकटी बहीण होती. आईच्या अंत्यविधीनंतर दोघींची भेट नव्हती.

मी बाजूला व्हायला लागलो, तर बाईंनी माझा हात धरून ठेवला.

बहीण म्हणाली, "आई आली होती बघायला. तुला माहीत नसेल."

"कुठे?"

"इथेच. संग्रहालयाने हे घेतल्यावर. बाबा गेल्यानंतर. मला घेऊन बसने आली, कोणाला न सांगता. दुपारभर इथे समोरच्या बाकावर बसली. मग बसची वेळ झाली."

बाईंनी फार हळू विचारलं, "काय म्हणाली?"

"म्हणाली, माझा ॲप्रन इतका मळका कधीच नसायचा."

बाई चित्राकडे वळल्या. मग म्हणाल्या, "मळकाच असायचा."

"नसायचा. रोज धुवायची ती. मीच वाळत घालायचे."

"सकाळी धुतलेला असेल. दुपारपर्यंत असाच व्हायचा. मी बघितलाय."

दोघी म्हाताऱ्या त्या चित्रासमोर ॲप्रनवरून भांडत उभ्या राहिल्या, आवाज खालचाच, आणि भांडता भांडता कधीतरी बहिणीने बाईंच्या कोपरात हात घातला. माझ्या हातावरची बाईंची पकड सुटली. मी समोरच्या भिंतीकडे जाऊन माझ्या आईसमोर उभा राहिलो.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात बहीण डार्टमथला आली आणि चांगला मुक्काम ठोकून राहिली. बाईंनी तिचं चित्र सुरू केलं. बहीण चित्रासाठी बसायला अगदी नालायक. सतत बोलायची, उठून खिडकीतून बोटी बघायची, मधेच केक करायला खाली जायची. बाई ओरडायच्या आणि परत रंगवायला लागायच्या. त्या आता खुर्चीवर बसून रंगवत होत्या, उभं राहवत नव्हतं. पण हात थकलेला वाटत नसे. कॅनव्हासवर त्या वर्षी पहिल्यांदा मी पिवळा रंग पाहिला, भरपूर, लख्ख. मी म्हटलं, "हा कुठून आला?" त्या म्हणाल्या, "दुकानातून." बहीण मोठ्याने हसली.

त्या उन्हाळ्यात आणि पुढच्या वर्षी मिळून त्यांनी बहिणीची चार चित्रं केली. जाणकार म्हणतात, ती त्यांची सर्वांत मोकळी चित्रं. शेवटचं अपुरं राहिलं. चेहरा झाला होता, हात व्हायचे होते. पानगळीच्या दिवसांत, रविवारच्या सकाळी, बाई वरच्या त्याच खोलीत वारल्या. बहीण खाली स्वयंपाकघरात होती.

मी कऱ्हाडला फोन केला. आईने सगळं विचारलं: त्रास झाला का, जवळ कोण होतं, बहीण आता कुठे राहणार. मग ती म्हणाली, "फार मन लावून काम करायची रे. असं बघायला मिळत नाही."